पिटूच्या शाळेआधी

प्रिय साहेब,

ऑफिसात तुला सगळे असंच म्हणतात, म्हणून बाप असून मीही म्हणतो. दीड महिना झाला, तू माझा फोन उचलत नाहीस. बायकोशी बोलतोस, पिटूला पडद्यावर बघतोस, आणि मागून मी दिसलो की फोन ठेवून देतोस. ठीक आहे. आता पत्र लिहितो. औषधाच्या पाकिटावरचा मुंगीएवढा मजकूरसुद्धा शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तुला चैन पडत नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा हेही वाचशील. गोड काही नाही यात, आधीच सांगून ठेवतो.

त्या दिवशी फोनवर मी तुला भित्रा म्हणालो. तो शब्द मी मागे घेत नाही. तू म्हणालास की पिटूला दिवसभर दुकानात वजनांशी खेळत बसवलं, माणसांत नेलं नाही, म्हणून ती अशी झाली; आणि तिच्या नावापुढे तो डॉक्टरी शब्द चिकटवायचा अधिकार मला कुणी दिला. पोरगी दुकानात का असते, हे तुला माहीत नाही का? तिची आई सकाळी सातला हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात हजर असते. तू सहा महिन्यांसाठी नवीन गोदाम उभं करायला गेलास. मग चार वर्षांच्या मुलीने कुठे राहायचं? राहिली माझ्या दुकानात. वजनकाटे दुरुस्त करता करता मी तिला बघत होतो. तू मात्र लांब बसून हुकूम सोडत होतास.

आणि हुकूम तरी कसले! जाताना पाच शाळांची यादी फ्रिजवर लावून गेलास, क्रमवारीने. मुलाखतीत कुणी विचारलंच तर ‘लाजाळू आहे’ एवढंच सांगायचं, अशी बायकोला तंबी. रोज संध्याकाळी पडद्यावरून पोरीची उजळणी: नाव सांग, हा रंग कोणता, माझ्याकडे बघ, बघ ना माझ्याकडे. पिटू पडद्याच्या कडेवरून बोट फिरवत बसायची. तुझा आवाज चढत जायचा आणि मग तुला मीटिंग असायची.

पहिल्या शाळेत, पुलाजवळच्या त्या मोठ्या, मी बरोबर गेलो होतो. हे तुला तुझ्या बायकोने सांगितलं नसेल, कारण तुला सांगून काही होत नाही हे ती शिकली आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, तुझं नाव काय? पिटूने तेच वाक्य त्याच चालीत त्यांना परत दिलं. तुला ठाऊक आहे, तिला पाणी हवं असलं की ती ‘पाणी हवंय का’ असंच विचारते. आपण जे बोलतो तेच तिच्या हाताशी असतं. बाईंना वाटलं, कार्टी उद्धट आहे. तेवढ्यात बाहेर घंटा झाली. घंटा म्हणजे भिंतीवरचा तो विजेचा कर्कश भोंगा. पिटू कान दाबून टेबलाखाली गेली आणि किंचाळायला लागली. आणि तुझी बायको, टेबलाखाली किंचाळणाऱ्या मुलीकडे बघत, तुझं पाठ केलेलं वाक्य म्हणाली, की ती जरा लाजाळू आहे. साहेब, मला माझ्या उभ्या आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती. पिटूची नाही. त्या वाक्याची. बाई म्हणाल्या, आधी घरी बोलायला शिकवा, मग आणा. आम्हाला बाकीच्या पालकांनाही तोंड द्यायचं असतं. दहा मिनिटांत आम्ही बाहेर. दुसऱ्या शाळेने फोनच केला नाही. तिसरीने फाटकावरूनच पुढच्या वर्षी बघू म्हटलं. चौथ्या आणि पाचव्या शाळेत आम्ही गेलोच नाही. यादी फ्रिजवरून काढली, ती मीच.

त्या तिसऱ्या शाळेच्या पायऱ्यांवर तुझ्या बायकोने पर्समधून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. मुलांच्या डॉक्टरची होती. ‘वाढीची आणि बोलण्याची सविस्तर तपासणी लवकरात लवकर करून घ्यावी.’ खाली तारीख बघितली, तर बरोबर वर्षापूर्वीची. तुला दाखवली होती म्हणे. डॉक्टरांना काय, सगळीकडे आजारच दिसतो, असं म्हणून तू ती टेबलाच्या खणात टाकलीस, आणि बाबांना यातलं काही कळायला नको असंही सांगितलंस. एक वर्ष! तुझ्या गोदामात एखादं खोकं वर्षभर न तपासता पडून राहिलं असतं, तर तू किती जणांना धारेवर धरलं असतंस? ती बिचारी वर्षभर त्या खणासमोरून ये-जा करत राहिली. तू गेलास त्या दिवशी तिने तो उघडला.

शाळा सुरू व्हायला तेव्हा दहा आठवडे होते. मी दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी घेऊन मुलांच्या तपासणी केंद्रात गेलो. खिडकीवरच्या माणसाने वही बघून सांगितलं, तुमचा नंबर त्रेसष्ट, साधारण सात महिने लागतील. मी म्हटलं, शाळा अडीच महिन्यांत आहे. तो म्हणाला, सगळ्यांचीच असते. चिडून बोलला नाही, नुसतं खरं ते बोलला. मी विचारलं, कुणी आलं नाही तर? तो म्हणाला, मग जो समोर असेल तो. झालं. मी दुकानाला कुलूप लावलं आणि पिटूला घेऊन रोज सकाळी आठ ते बारा तिथल्या बोळात बसायला लागलो. निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, आणि भिंतीवर हात धुवायचे सहा टप्पे दाखवणारा कागद. पिटू खुर्च्यांच्या पायांना रांगेने हात लावत टोकापर्यंत जायची आणि परत यायची. कुणी तिला थांब म्हटलं नाही. तिथे तिच्यासारखीच अजून चार होती.

बोळाच्या शेवटी तान्ह्या बाळांचा काटा होता. बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की तो दीडशे ग्रॅम जास्त दाखवतोय. नर्सला सांगितलं. तिने आधी कानाडोळा केला. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाली, बघा बरं आजोबा. मी दुकानातली वजनं आणली, काटा उघडून साफ केला, जुळवून दिला. खिडकीवरचा माणूस आला, बघितलं, मनापासून आभार मानले, चहा दिला. आणि माझा नंबर त्रेसष्टच राहिला. खरं सांगू? मला ते आवडलं. तुझ्यासारखी ओळखी काढायची मला सवय नाही.

नवव्या दिवशी एक कुटुंब आलं नाही. खिडकीवरच्या माणसाने मान बाहेर काढून बोळ बघितला आणि म्हणाला, आजोबा, आत्ता जाता का, पण आई लागेल. मी फोन केला. तुझी बायको वीस मिनिटांत आली, हॉस्पिटलच्या कपड्यांतच, पाळी मैत्रिणीच्या गळ्यात मारून, धावत. तू तिला नेहमी म्हणतोस की तिला निर्णय घेता येत नाहीत. तू तिला त्या जिन्यावर बघायला हवं होतंस.

आत एक बाई होत्या, पन्नाशीच्या. बाह्या वर करून सरळ जमिनीवर बसल्या. पिटूला नाव विचारलं नाही, रंग विचारला नाही, इकडे बघ म्हटलं नाही. लाकडी ठोकळ्यांची पेटी मध्ये ठेवली आणि स्वतः एक ओळ लावायला लागल्या. पिटूने शेजारी तिची ओळ लावली. अशी वीस मिनिटं गेली. मग पिटूने एक ठोकळा बोटाने ढकलत त्यांच्या गुडघ्यापाशी नेऊन ठेवला. बाईंनी तो आपल्या ओळीत लावला आणि थांबल्या. पिटूने दुसरा दिला. तुझ्या बायकोने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की खूण उमटली.

त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात मिळून बाईंनी तिला चार तास बघितलं, आणि मग आम्हाला समोर बसवून सांगितलं. ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात, पण बाई म्हणाल्या, शब्दाला घाबरू नका, मदतीचं दार उघडण्यासाठी तो लागतो. तुला वाटत असेल, तुझी बायको रडली. नाही. तिने पर्समधून पेन काढलं आणि विचारलं, शाळेआधी काय काय करता येईल? बाई सांगत गेल्या, ती लिहीत गेली. त्याच संध्याकाळी तिने तुला फोन केला आणि तुझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला? ‘अजून कुणाकुणाला कळलंय?’ तेव्हा मी तिच्या हातातून फोन घेतला. पुढचं तुला माहीत आहे.

मधल्या दीड महिन्यात काय झालं ते मात्र तुला माहीत नाही, कारण तू विचारलंच नाहीस. वाचनालयामागे एक लहान शाळा आहे, तुझ्या यादीत नव्हती. तिथल्या मुख्याध्यापिकेने पिटूला काहीच विचारलं नाही, आम्हाला विचारलं: तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, घाबरली की काय केल्याने शांत होते. तासभर ऐकून घेतलं. शाळा रिकामी असताना पिटूला तीनदा वर्गात नेऊन आणलं. पहिल्यांदा ती दारातच बसून राहिली. तिसऱ्यांदा खिडकीजवळची खुर्ची तिने स्वतः निवडली. केंद्राकडून एक मदतनीस ताई पहिले तीन महिने रोज वर्गात बसणार आहे. कान झाकायचे हेडफोन आणलेत, पिवळे. सकाळी काय मग काय, याची चित्रांची पट्टी तुझ्या बायकोने तयार करून दाराच्या आतल्या बाजूला लावली आहे: चपला, रस्ता, फाटक, खुर्ची, घर. पिटू रोज घर या चित्रावर बोट ठेवून खात्री करून घेते की ते अजून शेवटी आहे. आणि परवा ‘पाणी हवंय का’ न म्हणता ती ‘पिटूला पाणी’ म्हणाली. या सगळ्या योजनेवर एका पालकाची सही लागते. एकाच. मी दोनदा विचारून घेतलं. ती तिच्या आईने केली आहे. तुझ्यावाचून काही अडलं नाही, साहेब.

इथपर्यंत जे लिहिलं ते लिहायला सोपं होतं. तुझ्यावर रागावणं मला नेहमीच सोपं गेलंय. खरं सांगायचं तर मी तुझ्याशी फारसं दुसरं काही केलेलंच नाही.

केंद्रातल्या बाईंनी पहिल्या दिवशी प्रश्नांची एक यादी वाचली होती. पिटू माझ्याजवळच असते, म्हणून बरीचशी उत्तरं मीच दिली. वस्तू रांगेत लावते का? हो. अचानक आवाज झाला तर? कान दाबते. टाचा उचलून चालते का? एखादाच कपडा घालायचा हट्ट? नजरेला नजर देते का? मी हो-नाही सांगत होतो, आणि सातव्या-आठव्या प्रश्नाला माझ्या लक्षात आलं की मी पिटूबद्दल सांगतच नाहीये. दुकानाचं शटर ओढलं की तू काउंटरखाली जाऊन बसायचास. एक निळा स्वेटर होता, उन्हाळ्यातही अंगातून काढू द्यायचा नाहीस. तो आखूड झाला तेव्हा तुझ्या आईने त्याच लोकरीच्या बाह्या वाढवून दिल्या. पाच वर्षांचा असताना दुकानातल्या प्रत्येक वजनावर कोरलेला आकडा तुला तोंडपाठ होता, पण आलेल्या पाहुण्याला तू नाव सांगायचा नाहीस. मग मी तुझी हनुवटी धरून तोंड वर करायचो. माझ्याकडे बघून बोल म्हणायचो. तू डोळे मिटून घ्यायचास, मी अजून घट्ट धरायचो. तेवढ्यात बाईंनी पुढचा प्रश्न विचारला: घरात आणखी कुणी लहानपणी असं होतं का? त्यांचं वाक्य संपायच्या आत मी ‘नाही’ म्हणालो. तुझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला यातलं काही ठाऊक नाही. ठाऊक होतं ते तुझ्या आईला, आणि ती आता नाही, म्हणून मला वाटलं निभावून जाईल.

नाही निभावलं. गेल्या सोमवारी मी एकटाच परत केंद्रात गेलो, बाईंना म्हटलं, माझं एक उत्तर चुकलंय, दुरुस्त करा. त्यांनी कागद काढला. कोण, असं विचारलं. मी म्हटलं, माझा मुलगा. मग त्यांनी विचारलं, तेव्हा तुम्ही काय केलंत? आणि मी सांगितलं. अर्ध्यात त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता बोलतील. त्या नुसत्या ऐकत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता हे पत्र का लिहितोय ते. काल तुझ्या बायकोने तिचा फोन माझ्या काउंटरवर ठेवला आणि तुझा निरोप मला वाचायला लावला. शब्द न शब्द माझ्या डोळ्यांसमोर आहे. ‘सोमवारी मी स्वतः येतोय. पहिल्या दिवशी मीच तिला वर्गात नेणार. बाबांनी मला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर एक ठेवून दिली होती आणि मी सुतासारखा सरळ झालो. तुझ्याने ते व्हायचं नाही, मी करतो.’ ही गोष्ट तुला कुणी सांगितली? मीच. लग्नकार्यात, दुकानात, तुझ्या सासऱ्यांपुढे, तीस वर्षं मी ती फुशारकीने सांगत आलो, आणि दर वेळी तू शेजारी उभा राहून हसायचास. म्हणून आज खरी गोष्ट ऐक. तू वर्गाच्या दारात आडवा पडलास, शिक्षिकेच्या हाताला चावलास, आणि मी तुला पन्नास पोरांसमोर मारलं. एक नाही. तू गप्प होईपर्यंत. तू सरळ झाला नाहीस रे. तू गप्प झालास. त्या दिवसापासून अकरा महिने तू घरात एक शब्द बोलला नाहीस, आईशीसुद्धा नाही. स्वेटर तू स्वतःच काढून तिच्या हातात दिलास आणि परत कधी मागितला नाहीस. वजनांना हात लावला नाहीस. बाराव्या महिन्यात बोललास ते माझ्याकडे बघून, डोळे न मिटता, मी जसं शिकवलं होतं तसं, आणि मी तुझ्या आईला म्हटलं, बघ, झाला की नाही बरा. ती उठून आत गेली. मी जे केलं ते चूक होतं. तुला काही झालेलं नव्हतं, तुला बरं करायचं काही नव्हतं, आणि हे मला बोळात नऊ दिवस बसून, एका परक्या बाईला जमिनीवर बसलेलं बघून, एकाहत्तराव्या वर्षी कळलं. तुझा राग तसाच ठेव, मला माफ कर असं मी म्हणणार नाही. तेवढा माझा हक्क नाही. पण सोमवारी साडेआठला मी त्या फाटकाशी उभा असेन, आणि तू पोरीवर हात उगारलास तर मध्ये मी आहे. मार खायला माझं अंग अजून पुरेसं धड आहे. तू ये. तिचा बाप आहेस, तिच्यासारखाच होतास, तिला तुझ्याइतकं कुणाला कळणार नाही. जरूर ये, फक्त माझा हात घेऊन येऊ नकोस.

चुकलेला, पण तुझाच,
बाबा